पिकअप कुणाचा जास्त, फ्रॉन्क्स टर्बो की मॅग्नाइट टर्बो?

प्रश्न : मी कराडला राहतो, सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट ठरलेलाच. मारुती फ्रॉन्क्सचं १ लिटर टर्बो आणि निस्सान मॅग्नाइटचं १ लिटर टर्बो, दोन्ही मॅन्युअल, यातली एक घ्यायचीय. दोघींची पॉवर १०० पीएस (म्हणजे घोडे). मेहुणा म्हणतो मॅग्नाइटचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) १६० आहे म्हणजे तीच पळणार. मी म्हणतो फ्रॉन्क्स, कारण कंपनीच सांगते की ५.३ सेकंदात ६०, म्हणजे त्रैराशिक मांडलं तर शंभरला ९ सेकंदसुद्धा लागत नाहीत. पैज लागलीय, निकाल द्या.

उत्तर : आधी तुमचंच त्रैराशिक मोडतो, राग मानू नका. वेग वाढवायला लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ० ते ६० जाईपर्यंत शंभरसाठी लागणाऱ्या ऊर्जेतली फक्त ३६ टक्के खर्ची पडलेली असते, उरलेली ६४ टक्के ६० ते १०० या टप्प्यातच लागते, आणि त्यात वाऱ्याचा विरोध वाढत जातो, मध्ये तिसरा गिअर टाकायला लागतो, म्हणजे ९ सेकंद विसरा. कंपनीने ६० चाच आकडा का छापला हेही कळलं असेल.

आता मेहुण्यांचा नंबर. १६० न्यूटन मीटर खरे आहेत, पण ते कधी मिळतात ते बघा. मॅग्नाइट मॅन्युअलला हा टॉर्क २८०० ते ३६०० आरपीएममध्ये (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो. फ्रॉन्क्सचा १४७.६ च आहे, पण तो २००० पासून ४५०० पर्यंत सपाट. हिशोब केला तर २८०० ला मॅग्नाइट साधारण ६४ पीएस देते आणि फ्रॉन्क्स ५९, म्हणजे तिथे मेहुणे ५ घोड्यांनी पुढे. वर ५००० च्या आसपास दोघी जवळपास सारख्याच. खाली २००० ला मात्र फ्रॉन्क्सचा पूर्ण टॉर्क हजर असतो आणि मॅग्नाइटचा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) अजून फुगतोय.

आणि घाटात नेमकी तीच जागा येते! समजा चिपळूणहून परत येताना घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपासून पुढे चढाला लागलात, समोर लोड भरलेला ट्रक, तुम्ही मागे तिसऱ्या गिअरमध्ये ४० वर लटकलेले, इंजिन १८००-२००० च्या घरात, पुढे सरळ तुकडा दिसतोय पण तो काही मोठा नाही. पाय दाबलात की फ्रॉन्क्स लगेच उचलते. मॅग्नाइट एक श्वास घेते, मग एकदम ढकलते, आणि तो एक श्वास ट्रकच्या शेजारी असताना फार लांब वाटतो (मी घेतलाय, तेव्हापासून शहाणा झालो). उपाय साधा आहे, दुसरा टाका. दुसऱ्यात ४० ला इंजिन ३००० च्या आसपास जातं आणि तिथे मॅग्नाइट तिच्या राजेशाही पट्ट्यात असते, मग मेहुण्यांचं म्हणणं खरं ठरतं. थोडक्यात, मॅग्नाइटला गिअर बदलायचा आळस चालत नाही, फ्रॉन्क्स आळशी माणसाला सांभाळून घेते. तुम्ही कोणत्या गटातले ते बायकोला विचारा.

सिग्नलवरून सिग्नलवर पैज लावायची असेल तर क्लच कोण नीट सोडतो यावर जास्त अवलंबून आहे. दोन्ही गाड्या टनभराच्या आसपास. चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या धरून ३०० किलो चढवले की वजन जवळपास ३० टक्क्यांनी वाढतं आणि रिकाम्या गाडीला जिथे १० सेकंद लागत होते तिथे १३ लागतात. दोन गाड्यांमधल्या फरकापेक्षा सासुरवाडीच्या पेट्यांचा फरक मोठा आहे!

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरची माणसं बसवा, एसी चालू ठेवा, मोकळा सरळ रस्ता बघून तिसऱ्यात ४० पासून ८० पर्यंत पूर्ण दाबा आणि शेजारच्याला मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजू द्या, मग तेच दुसऱ्यात सुरू करून. स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवतो, म्हणून जीपीएसचा वेग धरला तर दोन गाड्यांची तुलना खरी होईल. आणि मुख्य म्हणजे बसण्याआधी इंजिन कोणतं ते विचारा. मॅग्नाइट साध्या पेट्रोलमध्येही येते, ७२ पीएस आणि ९६ न्यूटन मीटर, फ्रॉन्क्सचंही साधं १.२ आहे, ९० पीएसच्या आसपास. एका शोरूममध्ये मला टर्बो म्हणून चक्क साधी गाडी दिली होती, घाटात नेली असती तर मीच ढकलत आलो असतो.

पैजेचा निकाल : शंभरपर्यंतची शर्यत असेल तर मी दोघांपैकी कुणावरही पैसे लावणार नाही. कुंभार्लीसाठी माझं मत फ्रॉन्क्सला. पार्टी अर्धी अर्धी करा.

प्रश्न : टर्बो ऑटोमॅटिकमध्येही हाच निकाल का?

उत्तर : नाही, तिथे खेळच वेगळा. मॅग्नाइट टर्बोला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) आहे, तिचा टॉर्क १५२, पण तो २२०० पासूनच मिळतो, शिवाय गिअरबॉक्स इंजिनला स्वतःच त्या पट्ट्यात नेऊन ठेवतो, त्यामुळे लॅग (पाय दाबल्यावरचा तो एक श्वास) फार जाणवत नाही. फक्त पाय दाबल्यावर इंजिन ओरडतं आधी आणि गाडी पळते नंतर, कानाला ते सगळ्यांना झेपत नाही. फ्रॉन्क्सला ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (नेहमीचा गिअरवाला ऑटोमॅटिक) आहे आणि स्टिअरिंगमागे पॅडल आहेत, घाट उतरताना गिअर खाली टाकून इंजिन ब्रेकिंग (इंजिननेच वेग रोखणं) करायला ते फार कामाचे. शहरात मी सीव्हीटी घेईन, घाटात पॅडलवाली.

प्रश्न : टोयोटा टायझर टर्बोचा पिकअप फ्रॉन्क्सपेक्षा जास्त आहे असं एक जण म्हणाला.

उत्तर : तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, तीच गाडी, २०२४ मध्ये टोयोटाचा बिल्ला लावून आली. फरक तुमच्या मित्राच्या उजव्या पायात असेल. जवळचं सर्व्हिस सेंटर कोणाचं ते बघून घ्या.