नवी रहस्यकादंबरी विकत घेताना

आपण आमच्या लातूरच्या वाचक मंडळात नुकतेच आलात आणि लहान प्रकाशकांच्या नव्या रहस्यकादंबऱ्यांविषयी विचारलेत, म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहितो. असे प्रकाशक पुष्कळदा ५०० ते १,००० प्रतींचीच आवृत्ती काढतात आणि त्यातील फारच थोड्या प्रती मराठवाड्यातील दुकानांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे प्रकाशनपूर्व सवलत जाहीर होताच नावनोंदणी करावी, छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील दुकानांत पुढे कधीतरी पुस्तक मिळेल या भरवशावर थांबू नये.

मात्र जाहिरातीतील ‘नवी’ या शब्दाची खातरजमा अवश्य करावी. मी एकदा नवी म्हणून मागवलेली कादंबरी केवळ मुखपृष्ठ बदललेली जुनीच निघाली, आणि शाळकरी वयात वाचलेला खुनी तिसऱ्याच प्रकरणात ओळखू आल्याने फार हळहळ वाटली. तेव्हापासून प्रथमावृत्तीचे वर्ष आणि, अनुवाद असल्यास, मूळ पुस्तकाचे नाव विचारल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही. मलपृष्ठावरचा मजकूर शक्यतो आधी वाचू नये, कारण तो अनेकदा निम्मे रहस्य उघड करतो.

सगळीच पुस्तके विकत घेणे परवडत नाही, हे खरे आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळते आणि त्यातून ग्रंथखरेदीही होते. म्हणून ग्रंथपालांकडे नव्या पुस्तकाची लेखी मागणी नोंदवावी. आणि वाचून झाल्यावर मंडळात बोलताना कृपया शेवट सांगू नका.