रेसिंग फ्लॅट्स घेतलेस, आता घाई करू नकोस

रेसिंग फ्लॅट्स, म्हणजे शर्यतीचे पातळ सोलचे बूट, हातात घेतले की आधी त्यांच्या हलकेपणाचंच नवल वाटतं. रोजचा बूट 280 ग्रॅमच्या आसपास, हा जेमतेम 180. प्रत्येक पायातलं 100 ग्रॅम ओझं उतरलं की त्याच वेगाला साधारण 1 टक्का ऊर्जा कमी लागते. फायदा खरा आहे, पण त्याची किंमत पोटरीकडून वसूल होते. सोल पातळ, टाच खाली, त्यामुळे पोटरी आणि टाचेमागची शीर प्रत्येक पावलाला जास्त ताणली जाते.

मी पहिल्याच दिवशी फ्लॅट्स घालून 12 किलोमीटर पळालो होतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला आणि दहा दिवस पळणं बंद. तू तसं अजिबात करू नकोस. आधी ट्रॅकवर 200 मीटरचे सहा-आठ रिपीट्स (मध्ये दम घेत तेच अंतर पुन्हा पुन्हा वेगात पळणं) मार, वॉर्मअप आणि कूलडाउन जुन्याच बुटात. दोन आठवडे पोटरी कुरकुरली नाही तर 400 मीटर, मग छोटा टेम्पो रन, म्हणजे न थांबता एकसारख्या जोरकस वेगात पळणं. रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, मात्र या बुटात नकोच.

शर्यत 5 किंवा 10 किलोमीटरची असेल तर बिनधास्त घाल. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला मी ते नेत नाही. यवतेश्वरचा घाट चढताना मस्त वाटतात, पण परतीच्या उतारावर पातळ सोलमुळे मांड्या पार भरून येतात.

आणि हो, शर्यतीचे मोजे घालूनच माप बघ. अंगठ्यापुढे अर्धं बोट जागा हवीच.