केएच टिकत नाही? आधी मॅग्नेशियम मोजा

प्रश्न : माझी २०० लिटरची रीफ टाकी (कोरल ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी) आहे. केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) ६ आणि कॅल्शियम ३६० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) वर जातच नाही. रोज बफर (केएच वाढवणारी पावडर) आणि कॅल्शियम क्लोराइड घालतो, पण दुसऱ्या दिवशी आकडे जिथल्या तिथे, आणि पंपावर पांढरा थर. काट्याच्या हायड्रोमीटरवर (घनतेवरून खारटपणा दाखवणारं साधन) खारटपणा १.०२५ दिसतो. आटलेल्या पाण्याच्या जागी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घालतो. हॅमर कोरल (हातोडीसारख्या टोकांचं एक कोरल) आखडून बसलंय. सकाळी पीएच ७.८ असतो, म्हणून दुकानदार पीएच वाढवायचं औषध घ्या म्हणतात. घेऊ का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : औषध घेऊ नका. आणि बफर व कॅल्शियम दोन्ही आजपासून थांबवा. पंपावरचा तो पांढरा थर म्हणजे तुम्ही रोज घातलेलं कॅल्शियम आणि केएचच आहे. कोरलच्या सांगाड्यापर्यंत पोचण्याआधीच त्यांचा चुना (कॅल्शियम कार्बोनेट) होतोय.

तुमच्या पत्रात मॅग्नेशियमचा आकडा कुठेच नाही, आणि मला खरी शंका तिथेच आहे. समुद्राच्या पाण्यात चुना मावेल त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, तरी तो खाली बसत नाही. चुन्याचा स्फटिक धरू लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर बसतं आणि त्याला वाढू देत नाही. ते कमी पडलं की वरून कितीही ओता, सगळं पंपावर जाणार. मॅग्नेशियमचं किट वेगळं घ्यावं लागतं, पण ते घ्याच. १२५० ते १३५० पीपीएम हवं.

मात्र त्याच्याही आधी खारटपणा नीट मोजा. काट्याच्या हायड्रोमीटरला एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा जास्त दिसतो, आणि पाणी प्रत्यक्षात पातळ असेल तर कॅल्शियम, केएच, मॅग्नेशियम सगळंच त्या प्रमाणात कमी येणार. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं साधन) वापरा. तो ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ, म्हणजे समुद्राइतक्या) द्रावणावर लावून घ्या, नुसत्या आरओच्या पाण्यावर नको.

खारटपणा ३५ असूनही मॅग्नेशियम कमी निघालं, तर मॅग्नेशियम क्लोराइड घाला. १०० लिटरला सुमारे ८४ ग्रॅम हेक्झाहायड्रेट (या क्षाराचं पाणी धरलेलं स्फटिक रूप) घातलं की १०० पीपीएम वाढतं. एका दिवसात त्याहून जास्त वाढवू नका. हिशेब करताना दगड आणि वाळू वजा करून खरं पाणी किती तेवढंच धरा. मॅग्नेशियम जागेवर आलं की मग केएच. १०० लिटरला ३ ग्रॅम खायच्या सोड्याने १ डीकेएच (केएचचं एकक) वाढतो, दिवसाला तेवढाच. ८ वर नेऊन तिथे स्थिर ठेवा. हॅमरला ११ च्या केएचपेक्षा न हलणारा ८ जास्त मानवतो. कॅल्शियम शेवटी, ४२० पर्यंत. सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकाच वेळी, एकाच जागी कधीही टाकू नका.

आता आरओ. हे वाचून मला काळजी वाटली, म्हणून आजच बघा. घरगुती आरओत बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काहींत मिनरलची, काहींत तांब्याची कार्ट्रिज असते. आपल्याला चांगलं म्हणून घातलेलं ते तांबं कोरल आणि कोळंबीला मारतं. तसं असेल तर ते पाणी बंद करा आणि डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावलेलं, टीडीएस शून्य दाखवणारं पाणी घ्या. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात टाकी इतकी आटते की वरून घातलेल्या पाण्यातलं जे काही असेल ते साठतच जातं.

राहिला पीएच. मे महिन्यात दारं-खिडक्या लावून एसी चालवला की घरातल्या माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो, पाण्यात उतरतो आणि पीएच पडतो. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे कूलरच्या खोलीत ही अडचण कमी. खात्री करायची तर टाकीतलं पेलाभर पाणी गॅलरीत सावलीला ठेवून त्यात तासभर एअर पंप चालवा. पीएच चढला तर दोष खोलीतल्या हवेचा. मग स्किमरची (बुडबुड्यांनी घाण काढणारं यंत्र) हवेची नळी खिडकीबाहेर काढा. औषधाने पीएच चढवाल तर केएचही उडी मारेल आणि चुना पुन्हा पंपावर बसेल.