सहावीच्या वर्गाला प्राचीन चीनची संस्कृती शिकवायची आहे, तयारी कशी करू?

सगळे राजवंश एका तासात कोंबू नका, मुलं पेंगतील. हाडांपासून सुरुवात करा. शांग राजवंशाच्या काळात, सुमारे ३२०० वर्षांपूर्वी, राजाची माणसं बैलाच्या खांद्याचं हाड नाहीतर कासवाचं कवच तापवायची, पडलेल्या तड्यांवरून पूर्वजांचा कौल घ्यायची आणि प्रश्न त्यावरच कोरायची: पाऊस पडेल का? राणीचं बाळंतपण सुखरूप होईल का? (देवाला कौल लावणं आपल्या मुलांना नवं नाही.) त्यातली चिन्हं फळ्यावर काढा. डोंगर म्हणजे तीन शिखरं, सूर्य म्हणजे गोलात टिंब. आजची चिनी लिपी यातूनच घडली. पूर्वजपूजेचा विषयही इथेच निघतो. वेळ उरला तर चिनी बौद्ध प्रवासी ह्युएन त्संग घ्या, ७व्या शतकात तो महाराष्ट्रातही येऊन गेला. ड्रॅगन मुलंच सांगतील.