बाहेरच्या माणसाने फिल्टर उघडला म्हणून वॉरंटी रद्द होते का?

प्रश्न : गेल्या वर्षी पाडव्याला सांगलीतील एका दुकानातून आम्ही फ्रंट लोड वॉशिंग मशीन ३६,९९० रुपयांना घेतले. पूर्ण मशीनवर दोन वर्षांची आणि मोटारीवर दहा वर्षांची वॉरंटी आहे. चौदाव्या महिन्यात मशीनचे स्पिन बंद पडले. कपडे धुतले जातात, पाणीही निघून जाते, पण ड्रम वेग घेत नाही आणि कपडे ओलेचिंब बाहेर येतात. तक्रार नोंदवल्यावर आलेल्या कंपनीच्या तंत्रज्ञाने ‘कपडे जास्त भरता’ असे सांगितले, मोबाईलवर आलेला ओटीपी घेतला आणि तो निघून गेला. बिघाड तसाच राहिल्याने कॉलनीतल्या मेकॅनिककडून खालचा फिल्टर साफ करून घेतला. त्यात केसांच्या दोन पिना आणि एक नाणे निघाले, तरी स्पिन सुरू झाले नाही. पुन्हा तक्रार केली तेव्हा आलेला दुसरा तंत्रज्ञ म्हणाला की, पीसीबी (मशीनचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेला आहे, बाहेरच्या माणसाने मशीन उघडल्यामुळे वॉरंटी रद्द झाली आहे आणि ११,२०० रुपये भरावे लागतील. दुकानदार म्हणतो, ‘आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला.’ वॉरंटी खरोखर गेली का, आणि आम्हाला नवीन मशीन मिळू शकेल का?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून पाहता वॉरंटी रद्द झाल्याचा कंपनीचा पवित्रा टिकण्यासारखा नाही, आणि विनामूल्य दुरुस्तीचा आपला हक्क मला भक्कम वाटतो. नवीन मशीन मिळण्याची शक्यता मात्र आजच्या स्थितीत कमी आहे.

आपल्या पत्रात आपण जी गोष्ट ओघात सांगून पुढे गेला आहात, तीच या प्रकरणाचा कणा आहे. स्पिन होत नसल्याची पहिली तक्रार कंपनीकडे नोंदवली गेली, तेव्हा मेकॅनिकने मशीनला हातही लावलेला नव्हता. दुसऱ्या तक्रारीतील लक्षणही तेच आहे. बाहेरच्या माणसाच्या हाताळणीमुळे बिघाड झाला असे म्हणायचे असेल, तर ती हाताळणी बिघाडाच्या आधी झालेली असली पाहिजे. येथे क्रम उलटा आहे आणि तो क्रम कंपनीच्याच संगणकात नोंदलेला आहे. म्हणून दोन्ही तक्रारींचे क्रमांक, त्यांचे एसएमएस आणि तंत्रज्ञांच्या भेटींच्या तारखा आजच एका कागदावर उतरवून ठेवाव्यात, आणि कंपनीला ई-मेल पाठवून आपल्या मशीनच्या सेवेचा पूर्ण तपशील व दोन्ही जॉब शीटच्या (तंत्रज्ञ भेटीत भरतो त्या कामाच्या नोंदीच्या कागदाच्या) प्रती मागवाव्यात. तो तपशील न देणेही पुढे कंपनीच्याच विरोधात जाईल.

आपण दिलेल्या ओटीपीचा मुद्दा कंपनी नक्की काढेल. ‘ग्राहकाने समाधान झाल्याचे मान्य करून तक्रार बंद केली’ असे ग्राहक आयोगापुढील (ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या मंचापुढील) कंपनीच्या लेखी जबाबात छापील वाक्यासारखे येते. वास्तविक ओटीपी ही तक्रार बंद झाल्याची नोंद असते. मशीन दुरुस्त झाल्याचा तो पुरावा होत नाही, आणि त्याच लक्षणाची दुसरी तक्रार त्या ‘समाधाना’चा अर्थ पुरेसा स्पष्ट करते. तरीही यापुढे मशीन आपल्यासमोर स्पिन होऊन थांबल्याखेरीज कोणालाही ओटीपी सांगू नये. तंत्रज्ञ घाई करू लागला, तर जॉब शीटवर ‘स्पिन होत नाही, दुरुस्ती झाली नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहावे, मगच सही करावी आणि त्या कागदाचा फोटो घ्यावा.

आता त्या फिल्टरविषयी. बहुतेक फ्रंट लोड मशीनच्या माहितीपुस्तिकेत ड्रेन पंपाचा फिल्टर वापरणाऱ्याने वेळोवेळी स्वतः साफ करावा, अशी सूचना चित्रांसह दिलेली असते. पुढच्या बाजूस खाली असलेली छोटी झडप त्यासाठीच ठेवलेली असते आणि ती उघडायला सामान्यतः तंत्रज्ञ लागत नाही. आपल्या पुस्तिकेतील ते पान शोधून त्याची प्रत काढावी. जे काम कंपनी ग्राहकालाच करायला सांगते, ते शेजारच्या मेकॅनिकने केले म्हणून त्याला ‘अनधिकृत छेडछाड’ म्हणता येणार नाही. मात्र मेकॅनिकने मागचे पॅनेल किंवा वरचे झाकण उघडले होते का, एखादे सील तुटले का, हे त्याला स्पष्ट विचारावे आणि जे घडले तेवढेच आपल्या तक्रारीत लिहावे. पॅनेल उघडले गेले असेल आणि ते आपण लपवले, तर उलटतपासणीत आपली बाकीची खरी बाजूही संशयास्पद ठरते. त्याने फक्त फिल्टर काढला असेल, तर त्याच्याकडून तसे शपथपत्र घ्यावे.

पिना आणि नाणे सापडल्याचा फायदाही कंपनी घेऊ पाहील, कारण बाहेरची वस्तू अडकून झालेला बिघाड वॉरंटीतून वगळण्याची पद्धत आहे. येथे आपले एक वाक्य फार मोलाचे आहे, ते म्हणजे पाणी निघून जाते. फिल्टर तुंबला की पाणी ड्रममध्ये साचते आणि पाणी साचलेले असताना मशीन सुरक्षिततेसाठी स्पिन सुरू करत नाही. पाणी जर नीट निघत होते, तर नाण्याचा आणि स्पिन न होण्याचा संबंध तुटतो.

हे नुसते सांगण्यापेक्षा दाखवून ठेवावे. ड्रम पूर्ण रिकामा करून ‘ड्रेन व स्पिन’ किंवा आपल्या मशीनवर त्यासाठी असलेला प्रोग्राम लावावा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड व्हिडिओ घ्यावा. त्यात दार लॉक झाल्याचे, पडद्यावरील आकडे, नळीतून पाणी बाहेर पडताना आणि नंतर ड्रम वेग न घेताच थांबताना दिसले पाहिजे. त्यानंतर साधारण सारख्या वजनाचे तीन-चार कपडे घालून तेच पुन्हा करावे. रिकाम्या ड्रमवरही स्पिन होत नसेल, तर ‘कपडे जास्त भरता’ हे पहिल्या तंत्रज्ञाचे निदान तिथेच निकालात निघते. याउलट रिकामा ड्रम व्यवस्थित फिरला आणि एकच जड चादर टाकल्यावर थांबला, तर दोष मशीनचा आहे असे म्हणणे अवघड होईल. तो भार एका बाजूला गेल्याचा किंवा मशीन समपातळीत न बसल्याचा प्रश्न असू शकतो, आणि तसे निघाल्यास आयोगाची पायरी चढू नये, हेच मी सुचवीन. ही तपासणी करताना आपण स्वतः मागचे पॅनेल उघडू नये. पडद्यावर एखादा एरर कोड येत असेल तर त्याचा फोटो ठेवावा. मोबाईलमधील व्हिडिओ आणि संदेश दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. आयोगाचे कामकाज संक्षिप्त स्वरूपाचे असले, तरी हरकतीला जागा कशाला ठेवायची?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूतील ‘दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ ही दोन वेगळी कारणे आहेत, आणि आपल्याकडे दोन्ही आहेत. वॉरंटीच्या काळात स्पिन बंद पडणे हा दोष आहे, तर तपासणी न करता तक्रार बंद करणे आणि प्रत्येक भेटीत कारण बदलणे ही सेवेतील त्रुटी आहे. दिलेली वॉरंटी पाळण्याचे टाळणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचाही मुद्दा घेता येईल. कंपनी उद्या विजेच्या कमी-जास्त दाबाचे किंवा उंदरांचे कारण काढील. वॉरंटीतील अपवादाचा आधार जो घेतो, त्यानेच तो सिद्ध करायचा, हे सर्वसाधारण तत्त्व येथे उपयोगी पडते. दोन मोह मात्र टाळावेत. ‘उत्पादन दायित्वा’ची, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईची तरतूद आपल्या कामाची नाही, कारण तिच्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे नुकसान वगळले आहे. तसेच वॉरंटीची अट ‘अनुचित करार’ आहे म्हणून ती रद्द करा, अशी मागणी जिल्हा आयोगापुढे करू नये. अनुचित कराराच्या तक्रारी राज्य आयोगाच्या अधिकारक्षेत्रात येतात आणि त्या एका वाक्यामुळे आपली साधी तक्रार अधिकारक्षेत्राच्या वादात अडकेल.

नवीन मशीनविषयी. आयोगाला कलम ३९ खाली दोष काढून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देता येतो. पण सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात, वॉरंटी सुटा भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्यापुरती असेल तर संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असे ठरवले. मशीनलाही तोच न्याय लावला जाईल. पीसीबी बदलता येतो, आणि तो बदलल्यावर मशीन चालणार असेल, तर नवीन मशीनचा आग्रह आयोगाला पटणार नाही. पीसीबी बदलूनही तोच बिघाड पुन्हा आला, तर चित्र पालटेल. म्हणून मागणी करताना मुख्य मागणी विनामूल्य दुरुस्तीची ठेवावी, आणि ठरावीक मुदतीत दुरुस्ती न झाल्यास किंवा ती यशस्वी न झाल्यास मशीन बदलून अथवा किंमत व्याजासह परत मिळावी, अशी पर्यायी मागणी करावी. मोटारीच्या दहा वर्षांच्या वॉरंटीवर विसंबू नये, कारण पीसीबी हा मोटारीचा भाग नाही.

दुकानदाराला मोकळे सोडू नका. विक्रीचा करार आपला त्याच्याशी झाला आहे आणि पावती त्याची आहे. त्यामुळे उत्पादक कंपनीबरोबर त्यालाही विरुद्ध पक्ष करावे. त्याच्यावर रकमेचा आदेश होईलच असे नाही, पण तो समोर असला म्हणजे खरेदीची तारीख, वॉरंटी कार्डवरील शिक्का यांवर वाद उरत नाही.

पहिले पाऊल म्हणून दोघांनाही ई-मेलने आणि स्पीड पोस्टने पोचपावतीसह पत्र पाठवावे. कायद्याने नोटीस सक्तीची केलेली नाही, तरी ती पाठवलेली असणे चांगले. मजकूर लांबलचक नको. ‘स्पिन होत नसल्याची तक्रार अमुक तारखेस अमुक क्रमांकाने नोंदवली आहे. फिल्टरची सफाई त्यानंतर, आपल्या माहितीपुस्तिकेतील सूचनेप्रमाणे झाली आहे. वॉरंटी कोणत्या अटीनुसार नाकारली आणि पीसीबी कोणत्या कारणाने निकामी झाला, हे तांत्रिक अहवालासह लेखी कळवावे, आणि पंधरा दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी,’ एवढे पुरे. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथून बंधनकारक आदेश मिळत नाही, पण काम तिथे मिटले तर आयोगापर्यंत जावे लागत नाही.

घरात माणसे जास्त असतील आणि निकालापर्यंत थांबणे शक्य नसेल, तर ११,२०० रुपये ‘हक्क राखून’ भरता येतात. तसे ई-मेलने आधी कळवावे, बिलावर तेच शब्द लिहावेत, काढलेला जुना पीसीबी ताब्यात घ्यावा आणि नंतर ती रक्कम परत मागावी. पण दुरुस्ती झाली की दोषाचा पुरावाही जातो. म्हणून त्याआधी एखाद्या पात्र इलेक्ट्रॉनिक्स किंवा विद्युत अभियंत्याकडून बिघाडाचा लेखी अहवाल शपथपत्रासह घ्यावा. तज्ज्ञाचा पुरावा नाही, या एका कारणावरून ग्राहकांच्या तक्रारी फेटाळल्या जातात. मशीन तसेच ठेवणार असाल, तर तपासणीसाठी तज्ज्ञ नेमावा असा अर्ज आयोगाकडे करावा. तपासणीचे शुल्क प्रथम आपल्याला जमा करावे लागू शकते.

तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगातच दाखल करता येईल. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तेथे दाद मागण्याची मुभा दिली आहे. वॉरंटी कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत दूरच्या एखाद्या शहराचे नाव छापलेले असेल, तर त्याने दबून जाऊ नये. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी भरलेली किंमत, पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. आयोगाच्या अधिकाराची मर्यादा भरलेल्या किमतीवरून ठरते, त्यामुळे नुकसानभरपाईचा आकडा फुगवून काही साधत नाही. मानसिक त्रासापोटी लाखभर रुपये मागण्यापेक्षा लाँड्रीच्या पावत्या जोडून प्रत्यक्ष खर्च मागणे अधिक परिणामकारक ठरते. कंपनीला लेखी जबाबासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. ही पंचेचाळीस दिवसांची सीमा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तपासणीची गरज नसल्यास तीन महिन्यांत आणि असल्यास पाच महिन्यांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून अधिक काळाची तयारी ठेवावी.

तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ती स्पिन बंद झाल्याच्या पहिल्या तक्रारीपासून मोजावी, म्हणजे वादाला जागा राहणार नाही. पत्रव्यवहार चालू आहे किंवा नोटीस पाठवली आहे, म्हणून मुदत लांबत नाही. विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते आणि ‘कंपनी आश्वासन देत होती’ हे कारण दरवेळी चालत नाही.

वकील लावणे सक्तीचे नाही. पावती, वॉरंटी कार्ड, माहितीपुस्तिकेतील फिल्टरचे पान, दोन्ही तक्रारींच्या नोंदी, खर्चाचा अंदाज, व्हिडिओ आणि पाठवलेल्या पत्राची पोच एवढे कागद क्रमाने लावून तक्रार व शपथपत्र आपण स्वतः दाखल करू शकता. तज्ज्ञाच्या अहवालावर कंपनीने हरकत घेतली आणि उलटतपासणीची वेळ आली, तर त्या टप्प्यावर वकिलाची मदत घ्यावी.