घरी बांधलेल्या कारच्या पॅनेलची कड आयव्हीएला पास कशी करावी?

तुमचा भाऊ ब्रिटनमध्ये किट कार (सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी) बांधतोय आणि 1.2 मिमी ॲल्युमिनियमची पॅनेलं तुम्ही नाशिकच्या सातपूरला करून घेताय. नुसतं कानस मारून भागणार नाही. तिथल्या आयव्हीए (इंडिव्हिज्युअल व्हेईकल अप्रूव्हल, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणाऱ्या) तपासणीत 100 मिमी व्यासाचा गोळा जिथे टेकतो, तिथल्या बाहेरच्या कडेला किमान 2.5 मिमी त्रिज्येची गोलाई लागते. 1.2 मिमी पत्र्यात ती येणारच कुठून?

म्हणून कडेत तार घालून वळवा. 3 मिमी तारेवर पत्रा गुंडाळला की बाहेरची त्रिज्या 1.5 अधिक 1.2, म्हणजे 2.7 मिमी. यासाठी साधारण 11 मिमी पत्रा जादा सोडा. तारही ॲल्युमिनियमचीच घ्या. लोखंडी तारेजवळ ओल साचली की ॲल्युमिनियम आतून पांढरं पडून गंजतं.

कडक पत्रा वळताना बाहेरच्या अंगाला बारीक रेषा पडतात आणि तिथूनच तो फाटतो. म्हणून आधी तो तापवून मऊ करा: कडेला अंगाचा साबण घासा, मागून गॅस टॉर्चची ज्योत हलवत फिरवा. साबण काळा पडला की थांबा, त्यापुढे गेलात तर पत्रा ढासळतो. थंड झाल्यावर लाकडी हातोडीने तीन-चार फेऱ्यांत वळवा, एका दमात नको.

तारेऐवजी कडेवर रबरी बीडिंग (पट्टी) लावायचंच असेल तर 60 शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप) किंवा त्याहून मऊ घ्या आणि चिकटवा. हाताने ओढून निघालं तर उपयोग नाही.

तपासायला पट्टीत 5 मिमीचं भोक पाडून मधोमध कापा. कड त्या अर्धगोलात शिरली तर गोलाई कमी आहे.