पहाटे चारचं अस्वल

प्रश्न : घटस्फोटाला दोन वर्षं झाली. एकटी राहते आणि खरं सांगायचं तर ते आवडूही लागलंय. पण पहाटे चारला जाग येते आणि त्याचं शेवटचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. विसरायला जावं तर ते आणखीच घट्ट होतं. काय करू?

उत्तर : आधी विसरायचा प्रयत्न सोडा. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली. तुमचं अस्वल चारला येतं, इतकंच.

माझं सांगते. भाऊ गेला तेव्हा आमचा अबोला होता. त्याचा चष्मा माझ्या टेबलाच्या खणात राहिला होता, एक काडी दोऱ्याने बांधलेली. वर्षभर तो खण उघडला नाही. पेन हवं असलं तरी दुसरीकडून आणायचे, काय वेडेपणा! एकदा काढला, पुसला, तासभर रडले. आता तो टेबलावरच असतो. कित्येक दिवस त्याच्याकडे लक्षही जात नाही.

जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात लोक लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातलं लिहीत. तुम्हीही लिहा, पण दुपारी. सुरुवातीला त्रास वाढेल; असह्य झाला तर थांबा. पानं फाडलीत तरी चालेल. झोप महिनोन् महिने अशीच उडत असेल, तर मात्र समुपदेशकांना भेटाच. आणि एकटं राहणं आवडतं याचे खुलासे कुणाला देत बसू नका.